ऐन वेचणीत

धुळ्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटांवरच्या दोघांनाही यकृताचा कॅन्सर. सगळ्या तपासण्यांवरून डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, कौतिक काही वर्षं काढेल, पुना होळीही बघणार नाही. कौतिकला हे पोरांकडून कळलं, पुनाला मात्र कुणी कळू दिलं नाही.

कौतिकची पोरं, "आबा, तुमले काही होनार नही," म्हणत कापूस वेचायला गावी पळाली. पुनाच्या खाटेभोवती लेकीसुनांची जत्रा, भरिताचे डबे, पाय चेपायला दोन-दोन मुलगे. कौतिकचा नुसता जळफळाट होई. मरणाऱ्याचेच मेले लाड!

मंडळी खाली चहाला गेली तेव्हा पुना कुशीवर वळला.

"कौतिकभाऊ, तुन्हा पोरे वेचनीले गयात ना?"

"गयात," कौतिक फणकारला.

"नशीब शे तुन्हं. मन्हा वावरमाबी कापूस फुटेल शे, पन एक पोऱ्या गावले जात नही."