उतरवलेली मुलगी

‘या वस्तीतील एकही बालक ऊसतोडीसाठी स्थलांतरित होत नाही.’ शाळेच्या फाटकावर हे विधान ऑइलपेंटने लिहिले आहे. त्याचा आधार असा, की आईवडील तोडीला गेले तरी मुले आजीजवळ राहतात. आज सकाळी ती आजी, भिवराबाई, फाटकासमोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीच्या पोत्यावर बसली होती. शेजारी दहा वर्षांची नात रोहिणी. तिच्या मांडीवर तिचा तान्हा भाऊ. फाटकावरचा रंग अजून ओला होता. विधान ताजे होते, एवढे मान्य केले पाहिजे.

करिष्माबाई ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या. त्या या शाळेच्या शिक्षिका, रोहिणीच्या मावशी आणि ऊसतोडीच्या टोळीचे म्होरके आसाराम यांची थोरली लेक.

त्यांच्या साऱ्या अधिकाराचा उगम एका आठवणीत होता. त्या नऊ वर्षांच्या असताना, याच रस्त्यावर, तोडीला निघालेली बैलगाडी वडिलांनी थांबवली होती. काखेत हात घालून त्यांना अलगद खाली उतरवले, स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्यांच्या कानांना बांधला आणि म्हणाले, “तू शाळंत जा.” त्या रुमालाच्या उबेवर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, दर हंगामाला ट्रॉल्यांतून मुली उतरवू लागल्या. प्रत्येक भाषणात तो रुमाल येई. श्रोते रडत. रडणे हा आपल्याकडे पुरावा मानला जातो. गाडी मात्र पुढे गेली होती, आणि तीत रांगता अजिनाथ व सात वर्षांची मंगल ही धाकटी भावंडे होती, हे भाषणात येत नसे.

“बाई, भाषण झालं असंल तर सरका,” रोहिणीची आई झालेली तीच मंगल ट्रॉलीतून म्हणाली. “डायवर खोळंबलाय.”

“रोहिणीला उतरव.”

“आजी बी मोळ्या बांधाया फडात. आन् फडावरच्या कोपीत लेकराला कोण बगंल? तुमचा फळा?”

ट्रॉलीत हशा पिकला. रोहिणी हसली नाही. बाळाच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली होती. तिने आपला तळवा आडवा धरला.

करिष्माबाई ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या वडिलांकडे वळल्या. “आबा, तुमी मला उतरवलं म्हणून मी माणूस झाले. मग हिला कावून चढवलं?”

आसारामांनी रोहिणीच्या त्या तळव्याकडे पाहिले.

“सांगा की, आबा,” मंगल म्हणाली. आता ती हसत नव्हती.

त्यांनी सांगितले. कबुली शब्दशः अशी:

“शाळंसाठी न्हवतं उतरवलं, पोरी. तुझ्यापाशी ठिवला तर अजिनाथानं चुलीत हात घातलता, तुला पत्ता न्हवता. मंगल लई जपायची, म्हून तिला गाडीत ठिवलं. ही बी लई जपती.”