खाली टांगलेला दिवा

आयनार पितळेचे दिवे घडवायचा. त्याचे सासरे दर रविवारी जेवणाआधी पेला उंचावून उभे राहत आणि अर्धा तास भाषण करत. आमच्या डेन्मार्कात भाषण संपल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तोवर भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी पार वातड होई.

"बाबांना वाईट वाटू न देता काहीतरी कर ना!" बायको गुडरून वैतागली.

पुढच्या रविवारी आयनारने नवा दिवा टेबलावर अगदी खाली टांगला.

"प्रिय मंडळी..." म्हणत सासरे उठले. ठण्ण!

"दिवा मजबूत आहे हो, जावईबापू," टक्कल चोळत ते खाली बसले. "चला, जेवून घ्या."

आता संग्रहालयात त्या दिव्याखाली पाटी आहे, 'घरच्यांनी शांतपणे जेवावं, हाच कलावंताचा हेतू', आणि माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारतात, "बाई, मग हा पोचा कसला?"