पारा

प्लेगच्या साली लालबागच्या एका चाळीपुढे रोगी न्यायला एक घोडागाडी, एक बैलगाडी आणि दोन डोल्या उभ्या होत्या. तपासनीस मोरेश्वराने तुळशीदासच्या काखेत थर्मामीटर लावला. एकशेचार. त्याला घोडागाडीत निजवले.

शेजारच्या खोलीतल्या शेवंतालाही एकशेचार.

"चुलीपुढनं उठून आले, अंग तापणारच! कालिजात शिकवलं नाय काय?"

डोलीतून ती एकटी गेली असती. पण घोडागाडी लवकर पोचते, म्हणून मोरेश्वराने तिला तुळशीदासशेजारी बसवले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तिचा नवरा जगन म्हणाला, "साहेब, मलाही लावा. ताप निघाला तर तिच्यासंगं जाईन."

एकशेचार.

मोरेश्वर थबकला. तुळशीदासनंतर त्याने पारा झटकलाच नव्हता.

त्याने पारा झटकून खाली आणला आणि थर्मामीटर जगनला पुन्हा लावला.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.