पेटी बेंबळीला जाते

“पेटी वस्तीबाहेर जाणार न्हाय!” आण्णासाहेब जीपपुढं आडवे आले.

दूध संस्थेची सचिव आफरीन आठवडाभर हेच समजावत होती. आजवर एका नावापुढं फुली मारायची, प्रत्येक वस्तीनं आपापली मतं मोजायची आणि आकडा फोनवर कळवायचा, असं चालायचं. यंदा सभेनं पसंतीक्रम ठरवला होता. तीन उमेदवारांपुढं एक, दोन, तीन लिहायचं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर शेवटच्याला बाद करून त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला द्यायच्या. त्यासाठी तिन्ही वस्त्यांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर यायला हव्या होत्या. म्हणून मोजणी बेंबळीत, संस्थेच्या कचेरीत.

“वाटेत काय व्हईल, कुणी बघितलंय?” अध्यक्षपदाला स्वतः उभे असलेले आण्णासाहेब म्हणाले.

तेवढ्यात त्यांची थोरली भावजय दगडाबाई पुढं झाली. तिनं पेटी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसली. “म्या जाते संगं.”

आण्णासाहेब हसले. “मग हरकत न्हाय. वहिनी, नजर हलवू नका.”

आफरीन धास्तावली. उमेदवाराच्या घरचंच माणूस पेटीवर! वाटभर ती दगडाबाईच्या हातांकडं बघत राहिली. दगडाबाईनं पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. फाट्यावर चहा आला, तोही घेतला नाही. धूळ उडाली तसा तिनं पेटीवर पदर ओढला.

“मावशी, पदर काढा,” आफरीन ताडकन म्हणाली.

दगडाबाईनं मुकाट्यानं काढला.

बेंबळीत आफरीननं लाखेचं सील दोनदा तपासलं. शाबूत होतं. पहिल्या फेरीत आण्णासाहेब पुढं होते, पण निम्म्यावर पोचले नव्हते. तिसऱ्या आलेल्या उमाशंकरच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आणि ताहेराबी अकरा मतांनी निवडून आल्या.

दगडाबाई टेबलाजवळच उभी होती. आता ही भांडणार, असं आफरीनला वाटलं. “मावशी, सगळं तुमच्यासमोर झालं. आता तरी माझ्यावरचा संशय गेला का?”

“तुमच्यावर कुठं व्हता, बाई?” दगडाबाई म्हणाली. “मागल्या खेपेलाबी ताहेराबी उभ्या व्हत्या. म्या त्यांनाच मत दिलतं. भावजींनी वस्तीची मतं मोजली, अन् त्यांच्या नावावर शून्य सांगितलं.”