ब्रालोग

शब्दकोशासाठी जुने आयरिश शब्द टिपायला मी दर महिन्याला बोटीने बेटावर जायचे. आई तिथे एकटीच राहायची. चहा झाला की मी रेकॉर्डर लावायचे आणि कोरं कार्ड पुढ्यात घ्यायचे.

"ब्रालोग," त्या दिवशी ती म्हणाली. "पाहुणा उठून गेल्यावर खुर्चीत राहते ना, ती ऊब."

'नाम, स्त्रीलिंगी,' मी लिहिलं. 'उगम'पाशी पेन थांबलं.

"आई, नाताळपासूनचा तुझा एकही शब्द शेजारच्या पेगीनमावशीला माहीत नाही. तू मनानेच बनवून सांगतेस ना?"

तिने चुलीत जळणाच्या पीट-मातीचं ढेकूळ सरकवलं.

"खरे शब्द कधीच संपले मेले, सोरहा. तसं सांगितलं असतं, तर तू बोटीत चढली असतीस का?"

शहरात परतल्यावर मी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. शब्द एकूणएक टिपलेले होते. मधेच कुठे ती गुडघ्याचं, गळक्या छपराचं, बाबांचं काही सांगायला लागली, की दर वेळी माझाच आवाज येत होता.

"थांब आई, हे बंद करते."