पिवळ्या झग्यातली बाई

“मिस आयडेला, जरा चालून दाखवता?”

टॅमसिननं हे इतक्या गोड आवाजात विचारलं की नोलनच्या खानावळीतले सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

जिला विचारलं होतं तिनं कॉफीचा कप खाली ठेवला. ही घडी येणार हे तिला ठाऊक होतं. टॅमसिन ‘शेवटचं कुंपण’ मालिकेच्या दिग्दर्शकाची मदतनीस होती. ती स्वतः खानावळीत आली म्हणजे कुणाचं तरी काम जाणार, असं गावात म्हणत.

जॉर्जियातलं हे गाव सूतगिरणी बंद पडल्यापासून झोपलेलं होतं. मग चालत्या मढ्यांच्या या मालिकेचं चित्रीकरण आलं आणि मढ्यांनीच गाव जागं केलं. पाद्रीबुवांपासून गिरणीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत निम्म्या गावानं तोंडाला राखाडी रंग फासून कुंपणावर धडका दिल्या होत्या. पण लोकांच्या मनात भरली ती मिस आयडेलाची पिवळ्या झग्यातली बाई. तिला कुणी मारत नसे, ती काही बोलत नसे. घोळक्याच्या मागून लंगडत यायची आणि तशीच जायची. तिला पाहायला लांबलांबून माणसं येत, नोलनकडे तिच्या शेजारी बसून फोटो काढून घेत.

दर सोमवारी इथं आदल्या रविवारच्या भागाचा कीस पडायचा. आज मात्र विषय एकच होता, आणि तो प्रेंटिसनं काढला होता. तो शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. मालिकेच्या आधीच्या पर्वांत पिवळ्या झग्यातली बाई डाव्या पायानं लंगडायची, आता उजव्या पायानं लंगडते, हे त्यानं शोधून काढलं आणि जगभर पसरवलं.

“माझ्यामुळे तुमची पंचाईत झाली असली तर माफ करा, मिस आयडेला,” प्रेंटिस म्हणाला. “जन्म पेपर तपासण्यात गेला. चूक दिसली की हात शिवशिवतात.”

“मग लाल पेन घेऊन या की! मेलेल्याचा गुडघा तपासणारे तुम्ही पहिलेच.”

सगळे हसले. तीही हसली, पण लक्ष टॅमसिनकडे होतं. हे काम गेलं असतं तर तिला स्वतःचं काही वाटलं नसतं. घरी बहीण अंथरुणाला खिळलेली होती. आठवडाभर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. रविवारी संध्याकाळी तेवढी पाठीला उश्या लावून घ्यायची, आणि पडद्यावर पिवळा झगा दिसला की लहान पोरीसारखी हसायची. एका रविवारी झगा दिसला नव्हता, तेव्हा तिनं पुढे दोन दिवस घास घेतला नव्हता.

ती खुर्चीवरून उठली. मान कलती केली, उजवा पाय ओढत टेबलांच्या मधून दारापर्यंत गेली आणि परत आली.

“बाप रे!” नोलन गल्ल्यामागून म्हणाला. “काळोख पडल्यावर अशा माझ्या दारात येऊ नका. आणि मी पुन्हा सांगतो, ही झग्यातली बाई नायकाची आई आहे.”

“तुला प्रत्येक बाई नायकाची आईच वाटते,” प्रेंटिस म्हणाला. “मागच्या पर्वात तर तू घोडीलाही सोडलं नव्हतंस.”

“उजवा पाय,” टॅमसिन हळूच म्हणाली. “म्हणजे ते खरं आहे तर.”

“थांबा, माझं अजून संपलं नाही!” प्रेंटिस उभाच राहिला. “लोक चूक म्हणतात, मी हुशारी म्हणतो. मढ्याचा पाय बदलत नाही, सोंग घेणाऱ्याचा बदलतो. ही बाई जिवंत आहे! कुंपणाआड तिचं कुणीतरी जिवाचं माणूस आहे. त्याच्यासाठी ती मढ्यांत मढं होऊन फिरते.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

टॅमसिन मात्र हसली. “आमच्या लेखकांनी हाच तर्क वाचला आणि थक्क झाले. शेवटच्या भागात ती थांबणार, तोंडावरची राख पुसणार आणि बोलणार. एकच वाक्य. मला फक्त विचारून यायला सांगितलंय, की पाय तुम्ही मुद्दाम बदललात का?”



“घरी बहिणीसमोर उभी राहून सराव करते मी,” ती म्हणाली. “तिला पटलं की तसंच इथं करते.”

“आणि ही बाई जिवंत आहे, हे इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?”

“सोंग काय सांगून घेतात, पोरी?”

प्रेंटिसनं टोपी काढली. मग नोलननं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. नोलननं पीच घातलेल्या गरम केकचा मोठा तुकडा कागदात बांधून तिच्या हातात दिला. “मोबील शहराहून आलेल्या तुमच्या बहिणीला. एकदा आणा की तिला इकडे.”

“बरी झाली की आणीन,” ती म्हणाली.

घरी बहीण उशीवरून दाराकडेच पाहत होती.

“गेलं काम?”

“वाढलं! आता बोलायचंसुद्धा आहे.”

तिनं सगळं सांगितलं. प्रेंटिसचा तर्क ऐकून बहीण डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग पांघरुणाखालून डावा पाय बाहेर काढून हलवला.

“हा, हा! आजारी पडेपर्यंत मी हाच ओढत होते, तुलाही हाच दाखवला. तू समोर उभी राहून आरशासारखी शिकलीस, वेडे.”

“लोकांना आवडलं ना पण?”

“आवडणारच. जुळ्यांची तोंडं सारखी, चुकला तो पाय तेवढा. घे, आता ते वाक्य म्हणून दाखव, व्हेल्मा. पण माझ्या आवाजात हं. तिथं आयडेलाच बोलली पाहिजे.”