मिठाचं पाणी

सुवा शहरातल्या प्रयोगशाळेत नळीतलं गढूळ रक्त बघता बघता सरबतासारखं नितळ झालं आणि डॉक्टर प्रिचर्ड मदतनीस वासितीवर उखडले.

“फुटल्या सगळ्या पेशी! साधं पाणी ओतलंस? ते आवरणातून आत घुसतं, पेशी फुगून फुटते. दहा वर्षांत एवढंही कळलं नाही? घरी दालोचे कंद उकडताना तरी मीठ घालतेस ना?”

वासितीने बाटली फिरवून त्यांच्यापुढे धरली. ‘मिठाचं पाणी’, तारीख आजची, सही त्यांचीच. बनवलं त्यांनी, मीठ विसरले तेच.

डॉक्टरांचा चेहरा उतरला, तोरा नाही उतरला. “बरं, बरं. कर बाही वर, पुन्हा काढू.”

सकाळीच टोचलेला हात वासितीने मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने सुई उचलली.

“या खेपेला बाही तुम्ही वर करा, डॉक्टर.”